गोडी लागते, ध्यास घ्यावा लागतो: आपली आवड ओळखून ती जोपासण्याची पद्धत

मराठीत आवड असते, गोडी लागते आणि ध्यास घेतला जातो. या तीन क्रियापदांत एक क्रम आहे, आणि मनापासून करावेसे वाटेल असे काम शोधणाऱ्या प्रत्येकाने तो आधी समजून घ्यावा, असे मला वाटते. आवड आपसूक आलेली असते. तिच्यात आपले कर्तृत्व नसते. गोडी सहवासाने लागते, म्हणून ती लागेपर्यंत त्या विषयाच्या जवळपास राहावे लागते. ध्यास मात्र जाणूनबुजून घ्यावा लागतो आणि घेतल्यावर वर्षानुवर्षे सांभाळावा लागतो. बहुतेकजण शेवटच्या टोकापासून सुरुवात करतात. ‘माझ्या आयुष्याचा ध्यास कोणता?’ असे ते स्वतःला विचारतात, उत्तर येत नाही, आणि आपल्यातच काही उणे आहे असा समज करून घेतात. त्यांच्यात उणे काहीच नसते. प्रश्न फार लवकर विचारलेला असतो.

पॉल ओ’कीफ, कॅरोल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांचे २०१८ साली प्रसिद्ध झालेले संशोधन नेमके याच समजाविषयी आहे. आवड आपल्या आत तयारच असते, ती फक्त सापडायची असते, असे काहीजण मानतात. ती हळूहळू घडते, असे काहीजण मानतात. एका प्रयोगात अशा दोन्ही प्रकारच्या लोकांना कृष्णविवरांविषयीची रंजक चित्रफीत दाखवली आणि नंतर त्याच विषयावरचा अवघड शास्त्रीय लेख वाचायला दिला. चित्रफितीने जागवलेला उत्साह लेख वाचताना पहिल्या प्रकारच्या लोकांमध्ये अधिक ओसरला. जे आपले आहे ते सोपेच जाणार, अशी अपेक्षा धरली की पहिली अडचण हीच ‘हे आपले नाही’ याची खूण वाटू लागते. पुढची पद्धत या चुकीपासून वाचवण्यासाठी आहे. ती साधारण एका वर्षाची आहे आणि तिला एक वही, एक पेन्सिल व आठवड्याचे चार-पाच तास एवढेच लागते.

पहिली पायरी: सहा आठवड्यांची नोंदवही

आपल्याला काय आवडते, याविषयीची आपली आठवण फारशी भरवशाची नसते. गेला महिना कसा गेला असे विचारले तर आपण दोन-तीन ठळक प्रसंग सांगतो. उरलेल्या तासांचे काय झाले, हे आपल्यालाच सांगता येत नाही. म्हणून मिहाय चिकसेंटमिहाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात एक साधी रीत बसवली. माणसांना पेजर द्यायचे, दिवसात कोणत्याही क्षणी ते वाजवायचे, आणि त्या क्षणी आपण काय करत होतो व मन कसे होते हे त्यांनी जागच्या जागी लिहायचे. हीच रीत आपल्याला फोनच्या गजरावर वापरता येते.

रोजचे तीन गजर लावावेत आणि दर आठवड्याला त्यांच्या वेळा बदलाव्यात. गजर वाजला की तीनच गोष्टी लिहाव्यात: हातात कोणते काम होते, मन त्या कामात होते की भटकत होते, आणि हेच उद्या पुन्हा करायला मिळाले तर हवे आहे का. एक ओळ पुरे. लांब लिहायला लागलात तर दहाव्या दिवशी वही बंद पडेल. रात्री मात्र आणखी एक ओळ लिहावी: आज कोणीही न सांगता मी काय केले, काय वाचले, कोणाला काय समजावून सांगितले. या रात्रीच्या ओळीला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो, कारण सक्ती आणि कौतुक या दोन्ही गोष्टी बाजूला काढल्यावर जे उरते ते तिथे उतरते.

मनात असूया जागी झाली, तर तीही लिहावी. दुसऱ्याचा पैसा, घर, पद यांविषयी वाटणारी असूया इथे उपयोगाची नाही. एखाद्याचे काम पाहून, त्याचे हात ज्या गोष्टीत गुंतले आहेत ती पाहून मनात जी कळ उठते, ती लिहावी. ही भावना लपवण्याची आपल्याला इतकी सवय असते की तिच्यातली माहिती वाया जाते.

सहा आठवड्यांनी गजराच्या शे-सव्वाशे ओळी जमतात. आता पेन्सिल घेऊन, ज्या कामात मन रमले होते त्या ओळींतली फक्त क्रियापदे अधोरेखित करावीत. नामे सोडून द्यावीत. माझ्या मते संपूर्ण पद्धतीतली हीच सर्वांत महत्त्वाची कृती आहे, कारण आपण आवड नेहमी नामांत सांगतो आणि ती जगावी लागते क्रियापदांत. ‘मला प्राणी आवडतात’ असे म्हणणाऱ्याला प्राण्यांचे निरीक्षण करणे आवडत असेल, त्यांना शिकवणे आवडत असेल किंवा नुसते जवळ घेऊन बसणे आवडत असेल; यांतल्या प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे, आणि जखमा धुणे, रक्त तपासणे, घाबरलेल्या मालकांना धीर देणे हा पशुवैद्याचा रोजचा दिवस यांपैकी एकाशीही जुळेलच असे नाही. लेखक असावेसे वाटणे आणि एकच परिच्छेद पाचव्यांदा लिहायला बसणे, या दोन इच्छांचीही अशीच गल्लत होते. वहीत जुळवणे, दुरुस्त करणे, समजावणे, मोजणे, शोधणे, सजवणे अशी क्रियापदे पुन्हा पुन्हा आलेली दिसतील. त्यांतली सर्वाधिक वेळा आलेली तीन-चार वेगळ्या पानावर उतरवून घ्यावीत.

दुसरी पायरी: तीन छोटे प्रयोग

त्या क्रियापदांना वाव देतील अशी तीन क्षेत्रे निवडावीत आणि प्रत्येकाला सहा आठवड्यांत मिळून सुमारे वीस तास द्यावेत. सामान विकत घेऊ नये. मागून आणावे, भाड्याने घ्यावे किंवा एखाद्या वर्गात जाऊन तिथले वापरावे. महागडे साहित्य आधी घेतले की प्रयोगाचा निकाल तिथेच बिघडतो, कारण पुढे आपण विषयासाठी थांबलो आहोत की खर्च केलेल्या पैशासाठी, हे कळेनासे होते. प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी हातात धरता येईल किंवा दुसऱ्याला दाखवता येईल अशी एक गोष्ट तयार व्हावी: एक शिवलेली पिशवी, एक चालणारा छोटा संगणकीय कार्यक्रम, दहा मिनिटांचे भाषण, एका झाडाची महिनाभराची निरीक्षणे. आणि प्रयोग संपण्याची तारीख सुरुवातीलाच वहीत लिहून ठेवावी. ती पुढे कामी येणार आहे.

इतका थोडा वेळ पुरेल का, अशी शंका येईल. ध्यास घेण्यासाठी तो पुरणार नाही. गोडी लागते आहे का, हे कळण्यासाठी पुरतो. सुझान हिडी आणि अॅन रेनिंगर यांनी २००६ साली आवडीच्या वाढीचे चार टप्पे मांडले. पहिल्यात एखाद्या प्रसंगाने कुतूहल चाळवते, दुसऱ्यात ते टिकून राहते, तिसऱ्यात माणूस स्वतःहून त्या विषयाकडे परतू लागतो आणि चौथ्यात ती आवड त्याच्या स्वभावाचा भाग होते. पहिल्या दोन टप्प्यांत बाहेरचा आधार मोठ्या प्रमाणावर लागतो, ही त्यातली लक्षात ठेवण्याची गोष्ट.

पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्या लहानपणची हकीकत अनेकांना माहीत आहे, पण तिचा अर्धाच भाग सांगितला जातो. छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा ठिपका दिसला, हा पहिला भाग. दुसरा भाग असा, की मामांनी त्या मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले आणि तिथले मानद सचिव मिलर्ड यांनी पक्षी तर ओळखून दिलाच, शिवाय संग्रहातले एकामागून एक खण उघडून त्याला पेंढा भरलेले पक्षी दाखवले. ठिपका पुष्कळांना दिसतो. खण उघडून दाखवणारा माणूस भेटला म्हणून ते कुतूहल जगले. आणि तरीही पक्ष्यांवरचे त्यांचे गाजलेले पुस्तक १९४१ साली, म्हणजे वयाच्या पंचेचाळिशीत आले. मधल्या काळात ते ब्रह्मदेशात घरच्या व्यवसायातही राहून आले होते. म्हणून प्रयोगाच्या सहा आठवड्यांत त्या विषयातल्या एका तरी जाणत्या माणसाला भेटून ‘तुमचे काम चालू असताना मला तासभर शेजारी बसू द्या’ एवढेच मागावे. सल्ला मागू नये. माणसे सल्ला लवकर देतात, पण त्यात खण उघडत नाहीत.

तिसरी पायरी: कंटाळ्याची पारख

तीन प्रयोगांपैकी एक निवडला आणि त्यात तीन महिने घालवले, की एक टप्पा हमखास येतो: सुरुवातीची नवलाई संपलेली असते आणि कौशल्य अजून आलेले नसते. बहुतेक आवडी इथेच मरतात, म्हणून इथे मी थोडा अधिक थांबतो.

वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी कुंभारकामाच्या वर्गात जाऊ लागलो. फिरत्या चाकावर मातीचा गोळा ठेवून तो बरोबर मध्यावर आणणे हे पहिले काम. तो मध्यावर नसेल तर पुढे भिंत उचलताना भांडे एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होते आणि अखेर वाकून कोसळते. सात आठवडे माझा गोळा मध्यावर आला नाही. मी मनगटाच्या जोरावर माती ढकलत होतो, हात घसरू नयेत म्हणून पाणी वाढवत होतो, आणि जादा पाण्याने माती आणखीच लिबलिबीत होत होती. आठव्या आठवड्यात शिकवणाऱ्या बाईंनी माझा डावा कोपर धरून मांडीवर टेकवला आणि म्हणाल्या, ‘हात हलवू नका, माती हलू द्या.’ त्या संध्याकाळी तळव्याखालची थरथर अचानक थांबली. चाक फिरत होते आणि गोळा स्थिर उभा असल्यासारखा वाटत होता.

त्या सात आठवड्यांच्या नोंदी मी नंतर वाचल्या. ‘जमत नाही’ हे शब्द जवळजवळ प्रत्येक पानावर होते, पण ‘जावेसे वाटत नाही’ असे एकदाही लिहिलेले नव्हते. पारख करायची ती इथे. काम जमत नसल्याचा त्रास आणि कामाविषयीची उदासीनता हे दोन्ही वरून कंटाळ्यासारखेच दिसतात. पहिल्यात माणूस घरी आल्यावरही त्या अडचणीचा विचार करतो, दुसऱ्याचे हात पाहतो, चूक कुठे झाली ते विचारतो. दुसऱ्यात त्याला अडचण आठवतसुद्धा नाही. वर्ग रद्द झाला की सुटल्यासारखे वाटते. पहिल्या कंटाळ्याला उपाय आहे, तो म्हणजे चूक दाखवणारा शिक्षक. दुसऱ्या कंटाळ्यापुढे मात्र जिद्दीने उभे राहण्यात काही पुरुषार्थ नाही. ते क्षेत्र शांतपणे सोडावे. फक्त वाईट गेलेल्या दिवशी सोडू नये. आधी लिहून ठेवलेली तारीख येऊ द्यावी आणि त्या दिवशी वही उघडून निर्णय घ्यावा.

उलट टोकाचे उदाहरणही डोळ्यांसमोर असावे. कॅरोलिन हर्शेल यांनी इंग्लंडमध्ये गायिका म्हणून शिक्षण घेतले होते आणि त्या जाहीर कार्यक्रमांत गातही होत्या. भाऊ विल्यम खगोलशास्त्राकडे वळला तसे त्यांचे गाणे सुटले. १७८२ साली त्यांच्या हाती धूमकेतू शोधण्यासाठी दुर्बीण देण्यात आली, तेव्हा दवाने किंवा हिमाने भिजलेल्या गवतावर हाकेच्या अंतरावरही कोणी नसताना रात्र काढण्याचा उत्साह आपल्याला सुरुवातीचे काही महिने मुळीच नव्हता, असे त्यांनी स्वतःच आठवणींत लिहून ठेवले आहे. चार वर्षांनी, १ ऑगस्ट १७८६ रोजी, त्यांनी पहिला धूमकेतू शोधला. १७९७ पर्यंत आठ. सुरुवातीला नकोसे वाटलेल्या कामात गोडी अशीही लागते. मात्र त्यांना निवडीचे स्वातंत्र्य फारसे मिळाले नव्हते, हेही विसरू नये. आपल्याला ते असेल तर त्याचा उपयोग करावा.

चौथी पायरी: वेळ आणि सोबत

वेळ मिळाला की करू, असे ठरवलेले काम होत नाही. पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनाचा गाभा असा, की ‘अमुक झाले की मी तमुक करीन’ अशा नेमक्या शब्दांत बांधलेला संकल्प मोघम संकल्पापेक्षा अधिक पाळला जातो. ‘रोज सराव करीन’ ऐवजी ‘रात्रीची भांडी आवरली की मी टेबलाशी बसून अर्धा तास सराव करीन’ असे लिहावे. सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात, याविषयी एकवीस दिवसांचा आकडा सर्रास सांगितला जातो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या ९६ जणांच्या अभ्यासात तो साधारण ६६ दिवस निघाला, आणि व्यक्तीनुसार १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. महिनाभरात सवय लागली नाही म्हणून खचून जाण्याचे कारण नाही.

सरावाच्या बाबतीत अँडर्स एरिक्सन यांनी १९९३ साली बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा जो अभ्यास मांडला, त्यातला आकड्यांपेक्षा पद्धतीचा भाग मला मोलाचा वाटतो. सर्वोत्तम विद्यार्थी एकांतात, आपल्या कच्च्या जागांवर काम करत, छोट्या बैठकांत सराव करत आणि मध्ये नीट विश्रांती घेत. जे येते तेच वाजवत राहणे सुखाचे असते, पण त्याने हात पुढे जात नाही.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धांतानुसार आतून येणारी प्रेरणा तीन गोष्टींवर पोसली जाते: आपण आपल्या मर्जीने करतो आहोत ही भावना, आपल्याला जमू लागले आहे ही भावना, आणि आपण कोणाशी तरी जोडलेले आहोत ही भावना. पहिल्या दोन गोष्टी नोंदवही आणि सराव यांतून मिळतात. तिसरीसाठी त्याच वाटेवरची दोन-तीन माणसे शोधावीत आणि महिन्यातून एकदा आपले अर्धवट काम त्यांना दाखवावे.

पाचवी पायरी: पैशाचा विचार

आवड आणि उपजीविका एकच असावी, हा आग्रह आज सगळीकडून केला जातो आणि त्याने पुष्कळ माणसे दुखावली गेली आहेत. १९७३ साली मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रे काढायला आवडणाऱ्या लहान मुलांवर एक प्रयोग केला. चित्र काढलेस तर बक्षीस मिळेल, असे ज्यांना आधी सांगितले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळात चित्रे कमी काढू लागली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांत ही घट दिसली नाही. पैसा आवड मारतोच असे यावरून म्हणता येणार नाही. पण ‘हे मी कशासाठी करतो’ याचे मनातले उत्तर बदलू शकते, एवढी खबरदारी घ्यावी, आणि आवडीचा एक कोपरा तरी न विकता ठेवावा.

नोकरी सोडून उडी घेण्याच्या कथा आकर्षक असतात, परंतु जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांनी २०१४ साली अमेरिकेतल्या आकडेवारीवरून दाखवले, की नोकरी सांभाळून व्यवसाय सुरू करणाऱ्यांचा तो बंद पडण्याची शक्यता एकदम नोकरी सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी होती. विल्यम हर्शेल हेही याच वाटेने गेले. चर्चमधले वादन आणि संगीताच्या शिकवण्या यांवर पोट भरत ते रात्री दुर्बिणीचे आरसे घासत. १३ मार्च १७८१ रोजी युरेनस सापडला तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे, व्यवसायाने संगीतकारच होते. पुढच्या वर्षी राजाकडून २०० पौंडांचे वार्षिक वेतन मिळाले, तेव्हा त्यांनी संगीताचा पेशा सोडला. ते वेतन संगीताच्या मिळकतीपेक्षा कमी होते, पण निश्चित होते.

नोकरी सोडण्याचा विचार मनात आलाच, तर आधी चार गोष्टींची कागदावर खात्री करावी: सलग वर्षभर ठरलेले तास भरले आहेत, ओळखीबाहेरच्या माणसांनी आपल्या कामाला पैसे मोजले आहेत, निदान वर्षाचा घरखर्च बाजूला आहे, आणि घरातल्यांना नेमके आकडे सांगून त्यांची संमती घेतली आहे. यांतले एकही जमले नसेल तर थांबावे. नोकरी कायम ठेवून आवड जपणे हा दुय्यम पर्याय आहे, असे मी मानत नाही. अलेक्झांडर बोरोदिन आयुष्यभर रसायनशास्त्राचे प्राध्यापक राहिले आणि उरलेल्या वेळात त्यांनी संगीतरचना केल्या. त्याची किंमतही त्यांनी मोजली: १८६९ साली हाती घेतलेले ऑपेरा १८८७ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत अपुरेच राहिले आणि ते मित्रांनी पुरे केले.

सहावी पायरी: ध्यास कोणाच्या ताब्यात आहे, हे पाहणे

रॉबर्ट व्हॅलेरँड यांनी २००३ साली ध्यासाचे दोन प्रकार मांडले. एकात माणूस ध्यासाला धरून असतो, म्हणजे तो हवे तेव्हा काम बाजूला ठेवू शकतो. दुसऱ्यात ध्यासाने माणसाला धरलेले असते, आणि काम न केल्यास त्याला अपराधी किंवा बेचैन वाटते. दर महिन्याला स्वतःला विचारावे: गेल्या चार आठवड्यांत मी हे काम आनंदाने बाजूला ठेवले असा एक तरी दिवस होता का? माझ्या या वेळासाठी घरात कोणाचा वेळ खर्ची पडला? विल्यम हर्शेल एकदा सोळा तास आरशावरून हात न काढता घासत राहिले आणि कॅरोलिन त्यांना घास भरवत होत्या. ती गोष्ट जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. मला वाचताना नेहमी भरवणारा हात दिसतो. घरात असा हात कोणाचा आहे, हे वहीत नावानिशी लिहावे आणि त्या माणसाच्या आवडीसाठीही आठवड्यातले तास राखून ठेवावेत.

वर्षाअखेर: वही पुन्हा उघडणे

एक वर्ष झाले की सुरुवातीला वेगळ्या पानावर लिहिलेली क्रियापदे आणि आताच्या नोंदी शेजारी ठेवून वाचाव्यात. आवड पुष्कळदा ठरवलेल्या विषयाच्या आतल्याच एखाद्या अरुंद जागी जाऊन स्थिरावलेली दिसते. माझ्या पहिल्या पानावर ‘घडवणे’ होते. वर्षाच्या शेवटी मोजून पाहिले, तर वेळेचे भान सुटलेल्या बहुतेक नोंदी चाकावरच्या नव्हत्याच. त्या झिलईच्या, म्हणजे भांड्यांवर भट्टीत चढणाऱ्या काचेसारख्या लेपाच्या होत्या. तांबे मिसळलेली तीच झिलई भट्टीत भरपूर हवा खेळली तर हिरवी निघते आणि हवा कोंडली तर लाल होते, हे पाहायला मी छोट्या तुकड्यांवर क्रमांक घालून शंभराहून अधिक चाचण्या केल्या होत्या, आणि तसे करायला मला कोणीही सांगितले नव्हते. दुसऱ्या वर्षी मी चाकाचा वेळ निम्मा केला आणि तो भट्टीला दिला.